टेक्सासमध्ये हँडगन: एलटीसी काढावं की विनालायसन्स चालवावं?

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला हँडगन जवळ बाळगायला लायसन्स लागत नाही. हाउस बिल १९२७ ने ही मुभा दिली. पण राज्याचं ‘लायसन्स टू कॅरी’, म्हणजे एलटीसी, बंद झालेलं नाही. त्यामुळे ह्यूस्टन-डॅलसकडे घर घेतलेली आपली माणसं विचारतात, मग ४० डॉलर फी आणि वर क्लासचा खर्च कशाला? माझं मत स्पष्ट आहे: बंदूक घेऊन बाहेर पडणार असाल तर एलटीसी काढाच.

त्याआधी व्हिसा बघा. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवणं हाच फेडरल गुन्हा आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. राज्याने नियम सैल केले म्हणून ही बंदी उठलेली नाही. तेव्हा पुढचं सगळं ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणि नागरिकांसाठी.

खरा फरक पडतो तो शाळेपाशी. फेडरल कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. खासगी जागेला सूट आहे, त्याच राज्याचं लायसन्स असलेल्याला सूट आहे. विनालायसन्स माणसाला नाही. त्याने बंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीत ठेवली तरच तो सुटतो. आता आपला रोजचा रस्ता डोळ्यासमोर आणा. घरातून निघून हायवेला लागेपर्यंत वाटेत किती शाळा येतात? कमरेला भरलेली हँडगन असेल तर टेक्सासच्या कायद्यात बसणारा माणूस त्याच सिग्नलला फेडरल कायद्याच्या बाहेर जातो. ग्रीन कार्डवाल्याला तर यात दुहेरी जोखीम आहे. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असतो. ४० डॉलर वाचवायला हे पणाला लावू नये.

बाकीच्या सवलती कमी-जास्त महत्त्वाच्या. दुकानाच्या दारावर ३०.०५ ची (टेक्सास दंडसंहितेतल्या त्या कलमाची) पाटी असेल तर विनालायसन्स माणसाला बंदूक घेऊन आत जाता येत नाही. एलटीसीवाल्याला रोखायला ३०.०६ आणि ३०.०७ अशा वेगळ्या पाट्या लागतात. सरकारी विद्यापीठाच्या आवारात, तिथले नियम पाळून, लपवलेली हँडगन फक्त एलटीसीवर चालते. डीलरकडे नवी बंदूक घेताना फॉर्म ४४७३, म्हणजे खरेदीचा फेडरल अर्ज, भरावाच लागतो, पण एलटीसी असेल तर पार्श्वभूमी तपासणीची वेगळी वाट बघावी लागत नाही. राज्याबाहेर जाणाऱ्यांनाही उपयोग आहे: न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो टेक्सासचं लायसन्स मानतात. कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यूयॉर्क मानत नाहीत. आणि परराज्यातल्या शाळेजवळची सूट टेक्सासच्या लायसन्सवर मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

विनालायसन्स राहण्याच्या बाजूनेही एक प्रामाणिक मुद्दा आहे. ज्याला हँडगन फक्त घरात आणि अधूनमधून शूटिंग रेंजवर न्यायला हवी आहे, त्याचं एलटीसीवाचून अडत नाही. बोटांचे ठसे, अर्ज, नूतनीकरण हे सगळं टळतं. अशांनी ते पैसे चांगल्या तिजोरीत आणि शिकवणीत घालावेत.

शिकवणीच्या बाबतीत मात्र एलटीसीवर विसंबू नका. चार ते सहा तासांचा वर्ग असतो, त्यात बळाचा वापर कधी करता येतो, भांडण हातघाईवर न आणता कसं मिटवायचं, मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून ती कशी ठेवायची हे शिकवतात. मग लेखी परीक्षा आणि ५० गोळ्या: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. ३ यार्ड म्हणजे नऊ फूट आणि लक्ष्य माणसाएवढं. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, बंदूक काढणं या परीक्षेत तपासलंच जात नाही, आणि अपघाती गोळी सुटण्याचा मोठा धोका तिथेच असतो.

वर्ग ऑनलाइन करता येतो, तरी समोरासमोरचा निवडा. इन्स्ट्रक्टर तुमचा हात बघतो. पिस्तूल रिकामं करताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (गोळी बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. क्रम उलटा झाला तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत बसते; माणूस मात्र रिकामी म्हणून हातात धरतो. हे व्हिडिओ बघून अंगवळणी पडत नाही.

बंदूकधारकांच्या संघटनांपैकी निवड करायची असेल तर मी राज्यातल्या टेक्सास स्टेट रायफल असोसिएशनला आधी पसंती देईन. १८७१ मध्ये स्थापन झालेली एनआरए, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन, प्रशिक्षणाच्या परंपरेत मोठी आहे, पण वर सांगितलेले बहुतेक नियम ऑस्टिनच्या विधिमंडळात ठरतात. ते दर विषम वर्षी जानेवारीत भरतं आणि नियमित अधिवेशन १४० दिवसांपर्यंतच चालतं. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला पत्र लिहायचं असेल तर ते याच काळात पोहोचायला हवं. घरात मूल असलेल्यांनी सभासद होण्याआधी प्रोजेक्ट चाइल्डसेफ या सुरक्षा उपक्रमाचं बंदुकीचं मोफत कुलूप आणावं. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, लायसन्स असो वा नसो.