नौपाड्यातील रक्त गोठण्याची जनुकीय तपासणी : नमुना चोख, अहवाल अपुरा

ठाण्यात नौपाड्यातील एका निदान केंद्रात निरोगी व्यक्तींसाठी रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण आणि त्यांच्याशी निगडित जनुकीय भेद अशी एकत्रित तपासणी होते. आम्ही पती-पत्नीने ती नुकतीच करून घेतली. माझा आक्षेप अशा पॅकेजांच्या रचनेवर आहे, म्हणून केंद्राचे नाव देत नाही.

रक्त घेण्याचे काम अतिशय चोख आहे. स्टेशनपासून झपाझप चालत आलेल्यांना आधी थोडा वेळ स्वस्थ बसवले जाते, कारण श्रम, ताप किंवा ताण यांमुळे फॅक्टर आठ आणि फॉन विलब्रांड फॅक्टर ही प्रथिने वाढलेली दिसतात. निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या) एका भागाला रक्ताचे नऊ भाग पडावे लागतात. माझी नळी खुणेपर्यंत भरली नाही, तेव्हा तंत्रज्ञ ताईंनी ती बाजूला टाकून दुसरी भरली. हा काटेकोरपणा सर्वत्र दिसत नाही.

अहवालाने मात्र निराशा केली. माझ्या फॉन विलब्रांड फॅक्टरपुढे 'कमी' अशी तांबडी खूण होती आणि पत्नीचा आकडा बराच वर होता. माझा रक्तगट ओ, तिचा ए. रक्तस्रावाचा किंवा रक्तात गुठळी होण्याचा त्रास दोघांनाही कधी झालेला नाही. ओ गटाच्या निरोगी लोकांत हे प्रथिन इतरांपेक्षा सरासरीने सुमारे २५ टक्के कमी असते, कारण ए आणि बी गटांच्या शर्करा या प्रथिनावरही असतात आणि त्या नसल्या की ते रक्तातून लवकर काढून टाकले जाते. फॅक्टर आठ त्याच्याच आधाराने रक्तात टिकत असल्याने तोही सोबत उतरतो. (१९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी नोंदवलेल्या, ओ गटासारख्या भासणाऱ्या दुर्मिळ बॉम्बे रक्तगटात तर ते ओ गटापेक्षाही कमी आढळते.) निरोगी माणसांतील या फरकामागचे सर्वांत परिचित जनुक, म्हणजे रक्तगट ठरवणारे, नवव्या गुणसूत्रावरील एबीओ, अहवालात कुठेच नव्हते, आणि रक्तगट तर अर्जावर आम्हीच लिहून दिला होता!

पॅकेजचा महागडा भाग म्हणजे गुठळीचा धोका वाढवणाऱ्या दोन जनुकीय बदलांचा शोध : १९९४ मध्ये उलगडलेला फॅक्टर फाइव्ह लायडेन आणि १९९६ मधील प्रोथ्रॉम्बिन या गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील बदल. दुसऱ्यामुळे प्रोथ्रॉम्बिनचे प्रमाण खरोखरच वाढते. पहिल्यामुळे प्रमाण बदलत नाही, फॅक्टर फाइव्ह हे प्रथिन वेळेवर निष्क्रिय होत नाही एवढेच, पण अहवालात दोन्ही एकाच मथळ्याखाली कोंबले आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत लायडेन बदल साधारण ५ टक्क्यांना असतो, भारतीयांत मात्र हे दोन्ही बदल विरळ आहेत, त्यामुळे आमचे निकाल 'आढळले नाही' असे आले यात नवल नव्हते. याउलट फॅक्टर सातचे प्रमाण कमी करणारा, आपल्याकडेही आढळणारा जनुकीय भेद यादीत नाही.

अहवालानंतर फोनवर बोललेल्या डॉक्टरांनी, विचारल्यावर, रक्तगटाचा मुद्दा लगेच मान्य केला आणि तांबडी खूण मनावर घेऊ नका असे सांगितले. तेवढे एक वाक्य छापायला हवे होते. घरात कमी वयात कोणाला गुठळी झाली असेल, तर आधी रक्तविकारतज्ज्ञांना भेटून त्यांनी लिहून दिलेल्याच चाचण्या येथे कराव्यात. केवळ कुतूहल असेल, तर प्रथिनांच्या प्रमाणाची चाचणी स्वतंत्र मागावी. फलकावर नसली तरी ती येथे करून मिळते.