चिलटाचं मॉडेल: नॅट, १:७२

माझी सगळी नोकरी ओझरला एचएएल या विमान कारखान्यात, मिग या लढाऊ विमानांवर झाली. नॅट हे छोटं लढाऊ विमान बंगळुरूला बनायचं, पण जीव जडला तो त्याच्यावर. म्हणून नातवासोबत जोडायला हे १:७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, प्लॅस्टिकचं किट घेतलं.

जोडल्यावर लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर, तळहातावर मावतं. नातू म्हणाला, "आबा, एवढंसंच?" खरं विमानही पावणेनऊ मीटरच होतं. इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट, आणि त्याच्या आधीच्या नमुन्याचं नाव मिज, तेही चिलटाच्याच जातीचं. पण १९६५ च्या युद्धात या चिलटांनी पाकिस्तानची सेबर विमानं पाडली आणि नाव पडलं 'सेबर स्लेयर', सेबरचा कर्दनकाळ! कारखान्यातलं नाव आकारावरून आलं, हे रणांगणात कमावलेलं. पुढे सुधारून केलेल्या विमानाला आपण 'अजीत' म्हटलं.

पंखांचे भाग चपखल बसतात. कॉकपिटची काच मात्र बसेना. कडा पॉलिश पेपरने तीनदा घासावी लागली. वायुदलाची चक्रं, म्हणजे चिकटवायची गोल चिन्हं, पाण्यात भिजवून अलगद सरकवायची, घाई केली की फाटतात.

१४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर आपल्या वायुदलाचे वैमानिक निर्मलजितसिंग सेखों याच विमानातून एकटे सेबरना भिडले. ते नातवाला सांगत शेपटीला रंग दिला. किट जरूर घ्या, काचेसाठी वेळ ठेवा.