जुनी जिप्सी किंग : आधी आवाज शोधा, क्राऊन-पिनियन मग

२००४ ची मारुती जिप्सी किंग, फोर-व्हील ड्राइव्हची, सेकंडहँड घेतलेली. इंजिन, मायलेज, स्प्रिंगच्या पट्ट्यांवरचे धक्के हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच, त्यामुळे ते सोडतो. लिहायचंय ते आवाजाबद्दल.

वेग घेतला की खालून चिर्र-चिर्र, आणि क्लच सोडताना खट्ट. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून निकाल दिला : डिफ्रन्शल (शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) गेलं, तीस हजार धरून चला. एक नट न उघडता तीस हजार! गाडी घरी आणली.

क्राऊन-पिनियन म्हणजे डिफ्रन्शलमधली दातेरी चाकांची जोडी. त्यातला पिनियन गेला की रडकी गुणगुण येते आणि ॲक्सिलरेटर दिला-सोडला की तिचा सूर बदलतो. माझा आवाज ॲक्सिलरेटरला दाद देत नव्हता, नुसता वेगाबरोबर वाढायचा. मग पुढच्या चाकांचे हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे, हाताने फिरवायचे लॉक) फ्री करून गाडी नुसत्या मागच्या चाकांच्या ताकदीवर चालवली, म्हणजे पुढचा शाफ्ट फिरतच नाही. आवाज तसाच. पुढची बाजू सुटली, खर्च शून्य. गाडी घेतली तेव्हा भर पावसात चिखलात उतरून हब फिरवताना मी शिव्या घालायचो. ते मत आता मागे घेतो.

खरी गंमत पुढे. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा बसतो, मध्ये एक आखूड शाफ्ट. म्हणजे एकूण तीन शाफ्ट आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना वळता सांधा, म्हणजे सहा क्रॉस. ट्रान्सफर न्यूट्रलला टाका, गिअर दुसरा, क्लच सोडा : गाडी उभी आणि फक्त मधला शाफ्ट फिरतो. (चाकांना दगड लावाच, ट्रान्सफर न्यूट्रलला असताना गिअर गाडी धरत नाही. आणि चालू गाडीखाली डोकं घालू नका.) उभ्या गाडीत तीच चिर्र-चिर्र!

मधल्या शाफ्टच्या क्रॉसचा कप काढला तर बेअरिंगच्या सुयांच्या जागी तांबडी भुकटी. ग्रीस मारणारी पोरं पुढच्या-मागच्या शाफ्टचे निपल (ग्रीस भरायची तोंडं) करतात, हा मधला अडचणीत म्हणून सोडतात. तुमच्याही गाडीत सोडला असेल, आजच बघा. दोन क्रॉस आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झालं.

मिस्त्रीने हौसेने मागचा शाफ्टही उतरवला, पण स्प्लाइनवर (शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकतात तो खाचांचा जोड) खूण न करता. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत बसले नाहीत आणि साठला गाडी थरथरायला लागली. परत काढून बसवायला लावला, पैसे न देता. उतरवण्याआधी छिन्नीची खूण तुम्ही स्वतः करा.

क्लच सोडतानाची खट्ट थोडी उरलीये. डिफ्रन्शलमधला प्ले, म्हणजे दात्यांमधला ढिलेपणा, असावा. त्याला मी हात लावणार नाही.