क्लाउन लोचच्या पांढऱ्या ठिपक्यांवर उष्णतेचा उपचार: तापमान-नियंत्रक वापरल्यानंतरचा अनुभव

क्लाउन लोच हा मत्स्यालयातला मासा पाळणाऱ्याची पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाशी गाठ बहुधा पहिल्याच हिवाळ्यात पडते. नाशिकच्या दुकानांतले बरेचसे मासे मुंबईहून पिशव्यांतून येतात, आणि डिसेंबर-जानेवारीत इथला रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरत असताना त्या प्रवासात पाणी गार पडले, की थकलेल्या माशांवर या रोगाचा परजीवी जोर धरतो. लोचचे खवले अतिशय बारीक आणि त्वचेत रुतलेले असल्यामुळे मॅलकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन या नेहमीच्या औषधांची तयार द्रावणे त्याला इतर माशांपेक्षा लवकर बाधतात. म्हणूनच अशा माशांसाठी ती अर्ध्या मात्रेत वापरण्याचा प्रघात आहे. अर्ध्या मात्रेत रोग रेंगाळतो आणि पूर्ण मात्रेत मासा दगावतो, या कात्रीतून सुटण्यासाठी मी गेल्या हिवाळ्यापासून उष्णतेच्या उपचाराकडे वळले. त्यासाठी ६० लिटरची वेगळी टाकी, १०० वॉटचा काचेचा हिटर, स्पंज फिल्टर आणि एसटीसी-१००० हा तापमान-नियंत्रक असा संच उभा केला. नवीन आणलेला प्रत्येक मासा आता आधी याच टाकीत राहतो.

या उपचाराचा सगळा भार परजीवीच्या जीवनचक्रावर आहे. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे त्वचेच्या आत बसून वाढणारा परजीवी, आणि तिथे त्याला कोणतेही औषध सहज गाठू शकत नाही. पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागून शेकडो पिल्ले तयार करतो. ती पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधत असतात तेवढ्याच काळात ती मारता येतात, आणि उबदार पाण्यात दोनएक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती आपोआप मरतात. हे चक्र २५ अंशांच्या आसपास साधारण आठवडाभरात पुरे होते, १० अंशांवर महिन्याहून अधिक रेंगाळते, आणि ३० अंशांवर बहुतेक वाणांची वाढच खुंटते. लोच मूळचा सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला असल्याने हे तापमान त्याला मानवते.

त्यामुळे पाणी ३० अंशांवर नेऊन तिथेच टिकवता येते का, हा खरा प्रश्न ठरतो, आणि नुसत्या हिटरच्या भरवशावर ते जमत नाही. माझ्या हिटरचा काटा २८ वर असताना प्रयोगशाळेतील काचेच्या थर्मामीटरवर पाणी ३०.५ दाखवत असे. तापमान-नियंत्रकाने ही अडचण पूर्ण दूर केली. त्यात एफ-१ हे हवे असलेले तापमान, एफ-२ हा किती घसरण झाल्यावर हिटर सुरू व्हावा याचा फरक, आणि एफ-४ ही मापनातील चूक दुरुस्त करण्याची सोय आहे. मी फरक ०.५ वर ठेवते आणि दर काही आठवड्यांनी थर्मामीटर शेजारी बुडवून एफ-४ तपासते. एक काळजी मात्र अनिवार्य समजावी. हिटरचा स्वतःचा काटा ३२ वर ठेवावा, म्हणजे नियंत्रकातला रिले (हिटर चालू-बंद करणारा खटका) चिकटून बसला तरी हिटर आपणहून बंद होईल. पाण्याचे तापमान मोजणाऱ्या संवेदकाची तार घट्ट बसवावी, कारण ती पाण्याबाहेर सरकली तर नियंत्रकाला खोलीची गार हवा लागते आणि हिटर अखंड चालू राहतो. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी, आणि पाणी बदलताना हिटर आधी बंद करावा.

तापमान एकदम चढवू नये. मी दिवसाला एक ते दोन अंश चढवते, आणि त्याआधीच हवेचा पंप मोठा करते. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे तो आणखी थोडा कमीच. परजीवी कल्ल्यांवरही बसलेला असतो, तेव्हा एवढी घट आजारी माशाला जाणवते. याच कारणासाठी उष्णता आणि फॉर्मॅलिनयुक्त औषध एकत्र वापरणे मला घातक वाटते: फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू घटवते आणि मॅलकाइट ग्रीनचा विषारीपणा तापमानाबरोबर वाढतो. जोडीला मी फक्त खडे मीठ देते, लिटरमागे १ ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडे थोडे. मीठ वाफेबरोबर उडत नाही. म्हणून आटलेल्या पाण्याची भर साध्या पाण्याने करावी आणि बदललेल्या पाण्यापुरतेच नवे मीठ घालावे.

लोचच्या काळ्या पट्ट्यांवर ठिपके सर्वांत आधी दिसतात. बाजूने टॉर्च धरला तर मिठाच्या बारीक कणांसारखे उठून दिसतात, आणि त्याच सुमारास मासा लाकडाला पोट घासू लागतो. उष्णता वाढल्यावर दोन-चार दिवसांत अंग स्वच्छ होते, आणि बहुतेक उपचार नेमके इथेच फसतात, कारण ते ठिपके मेलेले नसून विभागण्यासाठी तळाशी उतरलेले असतात. शेवटचा ठिपका दिसल्यानंतर पुढे किमान १० दिवस तापमान ३० वरच ठेवावे आणि रोज तळ सायफनने ओढून घ्यावा. माझ्या टाकीत खडी नाही, काच उघडी आहे, आणि त्याचा फार उपयोग झाला.

मासा हलवताना जाळी वापरू नये. लोचच्या डोळ्याखाली काटा असतो, तो जाळीत अडकून मासा जखमी होतो; प्लॅस्टिकच्या डब्यात हळूच वळवून घेणे बरे.

हिवाळ्यात लाईट गेली की लहान टाकी लवकर थंड होते. तीन बाजूंना आणि झाकणावर थर्माकोल लावल्यापासून ती घसरण खूपच मंदावली. हिटर अखंड चालला तरी दिवसाला २.४ युनिटच्या पुढे वीज जात नाही. मे महिन्यात घरातले पाणी मुळातच ३० च्या घरात असल्याने हिटर क्वचितच लागला. पावसाळ्यात नळाला गढूळ आणि क्लोरीनचा उग्र वास असलेले पाणी आले, तेव्हा क्लोरीन काढणारे औषध घातल्याशिवाय ते या टाकीत घालायचे नाही हा नियम कसोशीने पाळला. कल्ले आधीच सुजलेल्या माशाला तो क्लोरीन सोसत नाही.

या संचाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. परजीवीचे काही वाण ३० अंशांतही तग धरतात, आणि आठवड्यानंतरही नवे ठिपके येत राहिले तर उष्णतेवर अडून न बसता पाणी हळूहळू सामान्य तापमानावर आणून अर्ध्या मात्रेचे औषध सुरू करावे. कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींवर तर उष्णतेचा काहीच उपाय चालत नाही. ठिपके नसताना मासा अंग घासत असेल, धापा टाकत असेल आणि एक कल्ला मिटून ठेवत असेल, तर प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक औषध लिटरमागे सुमारे २ मिलीग्रॅम द्यावे. या कृमींची अंडी त्या औषधाने मरत नाहीत, म्हणून ती फुटल्यावर दुसरी मात्रा द्यावीच लागते.