रेल्वे टेक्निशियन भरतीचा क्लास: माझा अनुभव

आयटीआय फिटर झाल्यावर ग्रेड ३ साठी सहा महिने हा क्लास केला, आणि खरं सांगू तर पैसे वसूल झाले ते फक्त कॅरेज वॅगनच्या (डबे-वाघिणींच्या देखभालीच्या) सरांमुळे. ते पंचवीस वर्षं पिट लाइनवर (जिथे खड्ड्यात उतरून डबे खालून तपासतात) काढून रिटायर झालेत. गाडीच्या हवेच्या ब्रेकमधल्या ब्रेक पाइपला ५ किलो प्रेशर, फीड पाइपला ६, हे पुस्तकात पण असतं हो, पण सरांनी खराखुरा होज पाइप आणून कपलिंग जोडायला लावलं, आतलं रबर वॉशर बोटाने चाचपून कुठे चीर पडलीय ते दाखवलं. गाडी स्टेशनात शिरताना रुळाशेजारी बसून चाकांचा आवाज ऐकायचा, मग थांबली की अ‍ॅक्सल बॉक्स (चाकाच्या दांड्याच्या टोकाचा बेअरिंगचा डबा) जास्त तापलाय का बघायचं, ही नोकरी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. एलएचबी (नव्या जर्मन डिझाइनच्या) डब्यांचे डिस्क ब्रेक पण मस्त शिकवले.

गणिताची बॅच मात्र बेकार, दोन महिन्यात तीन सर बदलले. शंटिंग (डबे इकडून तिकडे हलवणं), पॉइंट्समनचं (रुळांचे सांधे बदलणाऱ्याचं) काम असं यार्डातलं तर दोन तासात गुंडाळलं, त्याचा राग अजून आहे. आणि मेडिकलबद्दल कोणीच बोललं नाही, माझ्या शेजारी बसणारा लोको पायलटची तयारी करत होता, त्याला रंग नीट ओळखू येत नाहीत हे फी भरल्यावर कळलं. म्हणून आधी डोळे तपासा, मग अ‍ॅडमिशन घ्या.