ज्युरीत बसायची वेळ आलीच तर: टेक्ससमध्ये मृत्युदंड की मरेपर्यंत कैद?

ह्यूस्टन-डॅलसकडे नागरिकत्व घेतलेल्या मराठी घरांत ज्युरी ड्यूटीचा, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसायच्या बोलावण्याचा कागद कधीतरी येतोच. बहुतेकांचा दिवस बाकावर बसून जातो. पण खटला ‘कॅपिटल मर्डर’चा, म्हणजे मृत्युदंड होऊ शकेल अशा खुनाचा असला आणि सरकारी वकिलाने मृत्युदंड मागितला, तर शिक्षाही ज्युरीतल्या बारा जणांनीच ठरवायची. मृत्युदंडाला ठाम विरोध सांगणाऱ्याला आधीच वगळतात, म्हणजे हा विचार करायची पाळी मनाची तयारी अर्धवट असलेल्यांवर येते.

पर्याय दोनच. पॅरोल (मुदतीआधी अटींवर कायमची सुटका) नसलेली जन्मठेप टेक्ससमध्ये २००५ साली आली. त्याआधी कैद्याला ४० वर्षांनी पॅरोल मागता यायचा, त्यामुळे ‘हा उद्या सुटला तर?’ ही धास्ती असायची. ती आता उरली नाही. १९९९ मध्ये राज्यात ४८ जणांना मृत्युदंड सुनावला गेला होता, अलीकडे वर्षाला आकडा एकेरी असतो.

मृत्युदंड झालेला पुरुष लिव्हिंगस्टनच्या पोलन्स्की युनिट या तुरुंगात जातो. साठेक चौरस फुटांची कोठडी, दिवसाचे बावीसेक तास एकटा, तेही बहुधा दहा-दहा वर्षं. मग हंट्सव्हिलला पेंटोबार्बिटल या औषधाचं प्राणघातक इंजेक्शन. मनाजोगतं शेवटचं जेवण २०११ पासून बंद, कारण एकाने भरमसाट मागवलं आणि घासही घेतला नाही. जन्मठेपेवाला इतर कैद्यांत राहतो, बिनपगारी राबतो आणि तिथेच म्हातारा होतो.

‘फुकट का पोसायचं?’ हा प्रश्न ज्युरीच्या खोलीत निघणारच. मृत्युदंडच महाग पडतो: खटला, अपिलं, वकील, सगळा खर्च करदात्याच्या माथी.

आणि निकालच चुकला तर? अँथनी ग्रेव्ह्जला १९९४ मध्ये मृत्युदंड झाला, तो निर्दोष म्हणून २०१० मध्ये सुटला. जिवंत होता म्हणून सुटला. पण दुसरी बाजूही आहे. मृत्युदंडात अपील आपोआप होतं, पुढच्या याचिकेलाही सरकार वकील देतं. जन्मठेपेत तसा हक्क नाही, त्यामुळे निरपराध माणसाची फाइल धूळ खात पडू शकते. जन्मठेप म्हणजे सौम्य शिक्षा, असं समजून हात झटकू नका.

माझ्या मते खरी मेख शिक्षा ठरवताना ज्युरीला मिळणाऱ्या प्रश्नपत्रिकेत आहे. पहिला प्रश्न: हा माणूस पुढेही हिंसा करून समाजाला धोका ठरण्याची शक्यता आहे का? म्हणजे भविष्य सांगायचं. दुसरा: त्याची पार्श्वभूमी पाहता जन्मठेप पुरेशी ठरेल असं काही आहे का? मृत्युदंडासाठी पहिल्याला बाराही जणांचं ‘हो’ लागतं, दुसऱ्याला बाराही जणांचं ‘नाही’. उलट उत्तराला दहा जण हवेत, असं ज्युरीला सांगतात. एकाने जरी मान डोलावली नाही आणि एकमत झालंच नाही, तर शिक्षा जन्मठेपच होते. हे मात्र ज्युरीला सांगायला न्यायाधीश-वकिलांना कायद्याने मनाई आहे. एकटं पडलेल्याला वाटतं, आपल्या मताने काय होणार? सगळं होतं.

आणि ‘घरच्यांना न्याय’ म्हणजे मृत्युदंडच, असं धरून चालू नका. शुगर लँडच्या थॉमस व्हिटेकरने २००३ मध्ये आई आणि भावाचा खून घडवून आणला. वडिलांनाही गोळी लागली, ते वाचले आणि मुलाच्या जिवासाठी वर्षानुवर्षं धडपडले. २२ फेब्रुवारी २०१८ ला, इंजेक्शनला तासभरही उरला नसताना, गव्हर्नर ॲबट यांनी शिक्षा जन्मठेपेवर आणली. गुन्हा २००५ च्या आधीचा, म्हणून पॅरोलवरचा हक्क मुलाने लिहून सोडून दिला.