अनुदानाच्या नावाखाली माझे 46,300 रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकते. 46,300 रुपये. दोन दिवाळ्यांच्या फराळाच्या ऑर्डरींतून साठवलेले.

माझा घरगुती मसाल्यांचा आणि पापड-कुरडयांचा धंदा. कांडप मशीन, पॅकिंग मशीन धरून सहा लाखांचा प्रकल्प. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत 35 टक्के अनुदान, म्हणजे 2,10,000. योजना खरी, 2020 मध्ये सुरू झालेली, म्हणूनच फसले. ज्याने फसवलं तो स्वतःला जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे या योजनेचा अर्ज भरायला मदत करणारा सरकारने नेमलेला माणूस, म्हणवायचा. कोटेशन, प्रकल्प अहवाल, सगळं तोंडपाठ. माझ्या जागी कुणीही विश्वास ठेवला असता.

आधी उद्यम (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) आणि अन्न नोंदणीचे 4,500. उद्यम नोंदणी फुकट होते आणि अन्न नोंदणी मला वर्षाला 100 रुपयांत मिळाली असती, हे नंतर कळलं. मग 'फाईल चार्ज' 11,800, जीएसटीसकट. खऱ्या संसाधन व्यक्तीला मानधन सरकार देतं, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नसतो! शेवटी, "ताई, दहा टक्के स्वहिस्सा लागतो. निम्मा आजच टाका, नाहीतर फाईल परत जाईल." 30,000.

तेव्हा माझे हात तिखटाने भरलेले, म्हणून मोबाईल लेकीच्या हातात होता. कोड स्कॅन करून ती म्हणाली, "आई, इथे कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं नाव येतंय." पोरीला दिसलं. आणि मी तिच्यावरच खेकसले, "कर पटकन!" ते आठवलं की अजून झोप उडते. स्वहिस्सा बँकेत कर्जप्रकरणात दाखवायचा असतो, कुणाच्या कोडवर टाकायचा नसतो. अनुदानही हातात येत नाही, कर्जखात्याशी जोडून बँकेत जमा होतं.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" बँकेने पोलिसांकडे बोट दाखवलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा नऊ दिवस उलटून गेले होते. तुम्ही त्याच तासाला करा. ही योजना बघणाऱ्या कृषी कार्यालयात तीन खेपा, तिन्ही वेळा साहेब बैठकीला. बायकांनी उद्योग करावा म्हणून भिंतभर फलक लावता, मग तुमच्या नावाने कोण फिरतंय ते बघायला कुणालाच वेळ नाही?

चौथ्या खेपेला एका मॅडमनी संगणकावर माझं नाव शोधलं. माझा अर्ज भरलेलाच नव्हता.